खंदक, चर की परिखा?

तटबंदी: स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर हा किल्ले बांधायचा, लढवायचा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या घरच्या पोरांसाठी मराठीत सूचना लिहितोय. 'सैनिकांकडून खंदक खणून घ्या, दरवाज्यापुढं उचलता पूल टाका.' पुतण्या म्हणतो, खंदकात सैनिक लपून गोळ्या झाडतात, तिथं पाणी कुठलं? आणि पुलाला 'झुलता' म्हणा. काय ठेवू?

भुईकोटी: काय बे, सोलापुरात राहून हे विचारतो? किल्ल्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव, बाकी अंगाला खंदक. पोराला एकदा फिरवून आण की. लपायचा तो चर.

शुद्धमती: खंदक अरबीतून आलाय. आपला शब्द परिखा. कौटिल्यानं दुर्गाभोवती तीन परिखा सांगितल्यात, १४, १२ आणि १० दंड (लांबीचं जुनं माप) रुंदीच्या.

भुईकोटी: मग किल्ला, बुरूज, दरवाजापण काढा. तट तेवढा उरतोय, खेळा त्याच्याशी.

जुने_मास्तर: अरबीत तो फारसीतून गेला. फारसी 'कंदन' म्हणजे खणणे. ते आणि आपलं 'खन्' एकाच घरचे. शिवाय इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खणलेला, ज्याचं नाव त्या लढाईला पडलं, तो खंदक कोरडाच होता. पाणी हवंच असं नाही.

शुद्धमती: एका घरचे तर शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशाला करवून घेतला, मास्तर?

नळदुर्गकर: आमच्याकडं बोरी नदीच किल्ल्याला आडवी, खणायचे कष्ट कमी. आजी मात्र रस्त्यातल्या खड्ड्यालापण 'खंदक पडलाय' म्हणायची. आता सारखं म्हणावं लागतंय.

तटबंदी: अहो, पूल राहिला!

जुने_मास्तर: झुलता नको, तो दोरांवर हलतो. साखळीनं दाराशी वर ओढतात तो उचलता. फळ्याच काढून आत नेल्या तर काढता-घालता. तुमच्या खेळात कुठला?

तटबंदी: साखळीचा. पण तो उचलला तरी शत्रू खंदकात माती टाकत येतोच. 'खंदक बुजवणे' लिहिलंय.

शुद्धमती: 'परिखा भरणे' लिहा.

भुईकोटी: भरा म्हटलं तर पोरं पाणी सोडतील की ओ ताई.

शुद्धमती: पाणी सोडायला 'जलपूरण' आहे.

भुईकोटी: हे पोरांना तुम्हीच येऊन सांगा.