शब्दचर्चा : ‘गोली अपग्रेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मी एडमंटनमध्ये राहते. इथल्या मराठी वाचकांसाठी आइस हॉकीवर लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. प्लेऑफ (मोसमाअखेरचे बाद फेरीचे सामने) जवळ आले, ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीची) मुदत संपत आली की इथे जो तो एकच विचारतो, ‘गोली अपग्रेड मिळणार का?’ मी लिहिलं, ‘संघाला चांगल्या गोलरक्षकाची गरज आहे.’ पण यात नेमकं तेच निसटतंय. आहे तो गोलरक्षक वाईट आहे असं कुणाचंच म्हणणं नसतं. ‘सुधारित गोलरक्षक’ लिहिलं तर बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाटतो. सुचवाल का?

प्रतिसाद

‘गोली’ टाळाच. देवनागरीत ते हिंदीतलं बंदुकीचं वाटतं. आपली वर्तमानपत्रं श्रीजेशला वर्षानुवर्षं ‘गोलरक्षक’ म्हणत आली, तो शब्द बर्फावरही चालेल. ‘ट्रेड’ मात्र तसाच ठेवा. आयपीएलमुळे तो घराघरात पोचलाय. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परत आला तेव्हा सगळ्या मराठी बातम्यांत ‘ट्रेड’च होतं. ‘व्यापार’ म्हटलं की डोळ्यांपुढे मार्केट यार्ड येतं.

प्रतिसाद

‘ट्रेड’ ठेवायला हरकत नाही, पण एक फरक ताई, लेखात जरूर सांगा. पंड्याच्या वेळी पैसे मोजले गेले होते. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग) मोबदला बहुतेक वेळा खेळाडूंचा किंवा ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवोदित खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमातल्या, पुढच्या निवडींचा असतो, म्हणजे खरीखुरी अदलाबदल. वर प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. त्यामुळे विकणारा संघ कधी कधी खेळाडूचा निम्म्यापर्यंत पगार स्वतःकडेच ठेवतो, तेव्हा कुठे घेणाऱ्याच्या हिशेबात तो बसतो.

आता ‘अपग्रेड’. माझं मत ‘सरस’ला. मराठीत कुणी एकटा सरस नसतो, कुणाहून तरी सरस असतो. ‘आहे त्याहून सरस गोलरक्षक’ म्हटलं की तुलना आपसूक येते आणि तुम्हाला हवा तो अर्थ तिथेच आहे. ही तुलना किती बारीक असते पाहा. गोलरक्षकाचा हिशेब आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले यावर मांडतात. ‘नऊशे’चा गोलरक्षक म्हणजे शंभरात नव्वद अडवणारा, ‘नऊशे पंधरा’चा म्हणजे साडेएक्क्याण्णव. एका सामन्यात तीसेक फटके येतात असं धरलं तर फरक पडतो जेमतेम अर्ध्या गोलाचा. पण प्लेऑफमध्ये एकेका प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंज असते आणि त्यातले कितीतरी सामने एका गोलाने सुटतात. त्या अर्ध्या गोलासाठी संघ ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड देऊन टाकतात. ‘चांगला’ या शब्दात हे मावत नाही.

याचं सगळ्यात उत्तम उदाहरण तुमच्याच गावचं आहे. 8 मार्च 2006, ट्रेडची मुदत संपायला एक दिवस. एडमंटनच्या ऑयलर्सनी मिनेसोटाकडून गोलरक्षक ड्वेन रोलोसन घेतला, त्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड देऊन. वय 36, नाव फारसं मोठं नाही. पण तेव्हा ऑयलर्सकडे असलेल्या गोलरक्षकांहून तो निश्चित सरस होता. आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये शिरलेल्या संघाने डेट्रॉइटला, सॅन होजेला, अॅनाहाइमला हरवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोलसमोरच्या धडकेत रोलोसनचा गुडघा गेला. बदली आलेला टाय कॉन्क्लिन गोलच्या मागे पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजीची रबरी चकती) खेळवायला गेला, सहकाऱ्याशी गोंधळ झाला, पक सुटला आणि रॉड ब्रिंडामोरने मोकळ्या गोलमध्ये ढकलला. सामना संपायला तेव्हा 32 सेकंद उरले होते. पुढचे सामने युसी मार्कानेन खेळला, झुंजलाही, पण सातव्या सामन्यात ऑयलर्स हरले. सरस म्हणजे काय हे तो हात सुटल्यावर कळलं.

उलट उदाहरण सेंट लुईसचं. 2014 च्या फेब्रुवारीत ब्लूजनी बफलोकडून रायन मिलर आणला. 2010 चा वेझिना विजेता, म्हणजे त्या मोसमातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला. पण त्याच सौद्यात त्यांनी आपला गोलरक्षक यारोस्लाव्ह हलाक देऊन टाकला, वर पहिल्या फेरीची निवड आणि आणखी बरंच काही. शिकागोविरुद्ध दोन सामन्यांची आघाडी घेतली आणि नंतरचे चार ओळीने हरले. मिलर चांगला होताच, त्यात वाद नाही. प्रश्न होता हलाकपेक्षा किती सरस, आणि त्या फरकाला ती किंमत योग्य होती का. माझ्या मते नव्हती.

मूळ प्रश्नकर्तीकडून

‘सरस’ पटला, घेतला. आता ‘रेंटल’चं काय करू? उन्हाळ्यात ज्याचा करार संपतोय, अशा खेळाडूला तेवढ्या मोसमापुरतं आणतात त्याला इथे ‘रेंटल’ म्हणतात. ‘भाडोत्री’ म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद

‘भाडोत्री’ अजिबात नको. तो शब्द गुंडांना आणि सैन्याला लागून लागून कलंकित झालाय. आणि ‘उसना’ही नको. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, फुटबॉलमध्ये एखाद्या क्लबने मोसमापुरता दिलेला खेळाडू उसना म्हणता येईल. इथे परत काहीच जात नाही. ‘हंगामी’ कसा वाटतो? कायम नाही हा अर्थ त्यात आहे आणि हंगामही आहे.

प्रतिसाद

‘हंगामी’ला माझा विरोध. हंगामी कर्णधार, हंगामी अध्यक्ष म्हणजे मूळ माणूस येईपर्यंत जागा सांभाळणारा. वाचकाला वाटेल, पहिला गोलरक्षक जखमी आहे म्हणून हा आणला. साधं ‘मोसमापुरता आणलेला’ लिहावं. शब्द दोन झाले तर झाले. शिवाय रोलोसन असाच मोसमापुरता आला होता, आणि त्याच उन्हाळ्यात ऑयलर्सशी तीन वर्षांचा करार करून राहिला. ‘पुरता’मध्ये ही शक्यता उघडी राहते, ‘हंगामी’त नोकरी संपल्यासारखी वाटते.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. एक पुस्ती जोडतो. ड्राफ्टमधल्या ‘पिक’ला वर ‘निवड’ म्हटलंय, मीही आजवर तेच म्हणत होतो, पण ‘निवडहक्क’ जास्त नेमका आहे. अजून कुणाची निवड झालेलीच नसते, हातात असतो तो फक्त हक्क. त्यामुळे ‘कंडिशनल पिक’ म्हणजे ‘सशर्त निवडहक्क’ हेही सरळ जमतं. गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी 21 मार्च 2022 ला शिकागोहून मिनेसोटाला गेला, तो दुसऱ्या फेरीच्या निवडहक्काच्या बदल्यात. अट अशी की मिनेसोटाने कॉन्फरन्सची (लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाची) अंतिम फेरी गाठली आणि प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्यांत फ्लरीने किमान चार सामने जिंकले, तर तो हक्क पहिल्या फेरीचा होईल. सेंट लुईसकडून मिनेसोटा पहिल्याच फेरीत, सहा सामन्यांत बाद झाली. सहाव्या सामन्यात तर गोलमध्ये फ्लरीऐवजी कॅम टॅलबट होता. हक्क दुसऱ्या फेरीचाच राहिला. ताई, लेखात ही अट पूर्ण लिहा. ‘सरस’ असण्याची किंमत दोन्ही संघांनी मिळून किती बारकाईने ठरवली होती, ते वाचकाला त्यातून दिसेल.