आजारी सहकारी पंचांचे नाव नेमणुकांच्या यादीत ठेवावे की काढावे?

नेमणुका_पाहणारा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या क्रिकेट पंच मंडळात सामन्यांच्या नेमणुका करण्याचे काम माझ्याकडे आहे. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यासोबत मी अकरा हंगाम पंच म्हणून उभा राहिलो, त्यांना तीन महिन्यांपूर्वी कर्करोगाचे निदान झाले आणि लगेच केमोथेरपी सुरू झाली. त्यांना दगदग नको, एवढ्याच विचाराने मी पुढच्या यादीतून त्यांचे नाव काढले. त्यांना विचारले मात्र नाही. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. आजाराविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. "यादी मिळाली. माझे नाव लिहायचे राहिले का?" एवढेच त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचले नाही.

त्याच सुमारास मंडळातील दुसऱ्या एका पंचांच्या पत्नीचे निधन झाले. येत्या पंधरवड्यात उभे राहण्याची तयारी त्यांनी कळवली आहे. एखाद्या पायचीतच्या निर्णयावर आम्ही पंच तासन्‌तास वाद घालतो, पण या दोघांसमोर गेल्यावर आमच्यापैकी कोणालाही धड एक वाक्य बोलता येत नाही. पहिल्यांचे नाव यादीत ठेवावे का, दुसऱ्यांना पहिला सामना कसा द्यावा, आणि सामना नाही तर मानधनही नाही या आमच्या पद्धतीत पैशांचे काय करावे, याविषयी अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

अर्धवेळ_शिट्टी

मी फुटबॉलचा रेफरी आहे आणि पाच वर्षांपूर्वी आपल्या सहकाऱ्याच्या जागी मीच होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खेळाडू आजारी पडला तर संघ असतो, चाहते असतात, त्याच्या नावाचे फलक लागतात. आपल्या कामाची मात्र व्याख्याच अशी आहे की, ज्या दिवशी आपण कोणाच्या लक्षात आलो नाही, तो दिवस चांगला गेला. साहजिकच आपण मैदानावर दिसेनासे झालो तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते फक्त त्या तीन-चार जणांच्या, जे सामन्यापूर्वी त्या छोट्याशा खोलीत आपल्यासोबत बूट बांधत असतात. तेही गप्प झाले की मग काहीच उरत नाही. माझ्या बाबतीत सर्वांनी चांगल्याच हेतूने मला गटातील संदेश पाठवणे बंद केले होते. औषधांनी जेवढा त्रास दिला, जवळजवळ तेवढाच त्या शांततेने दिला, असे मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती समजू नये. त्या काळात एकच सहकारी दर सोमवारी फोन करीत असे आणि तब्येत न विचारता आदल्या दिवशीच्या सामन्यातील एखादा प्रसंग सांगून "तू काय दिले असतेस?" असे विचारत असे. मी अंथरुणात पडून पेनल्टी देत असे किंवा नाकारत असे. त्या दहा मिनिटांपुरता मी रुग्ण नसे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील रेफरी मार्क हॅल्सी यांना २००९ मध्ये घशाच्या कर्करोगाचे निदान झाले; त्यांच्या पत्नीवरही रक्ताच्या कर्करोगाचे उपचार झाले होते. २०१० मध्ये ते पुन्हा प्रीमियर लीगच्या मैदानावर उतरले. सर्वांनाच असे परतता येते असे नाही, पण परतण्याची वाट इतरांनी आधीच बंद करू नये, एवढे तरी त्यावरून घ्यावे. नाव ठेवायचे की काढायचे, हे आपण ठरवू नका. त्यांना विचारा. आणि हो, निदान काय आहे, आजाराची कितवी पायरी (स्टेज) आहे, हे त्यांच्या परवानगीशिवाय मंडळाच्या गटावर मुळीच टाकू नका. भेटायला जाण्यापूर्वीही फोन करा; केमोथेरपीनंतरच्या काही दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि आपली साधी सर्दी त्यांना रुग्णालयात पोहोचवू शकते.

स्क्वेअर_लेग

दुसऱ्या प्रश्नाविषयी. आमच्याकडील एक पंच मुलाच्या निधनानंतर दीड महिन्याने उभे राहिले, तेव्हा जोडीदार मी होतो. चौथा चेंडू पडला की मांडीवर दोन बोटे ठेवून "दोन शिल्लक" अशी एकमेकांना खूण करण्याची पद्धत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी तिसऱ्याच षटकात माझ्या लक्षात आले की, चेंडू मोजण्याचा हातातील काउंटर ते दाबत नव्हते. मी काहीच बोललो नाही. पुढच्या षटकापासून, ते गोलंदाजाच्या टोकाला असताना, प्रत्येक चेंडूनंतर उरलेल्या चेंडूंइतकी बोटे मी मांडीवर ठेवू लागलो आणि ते माझ्याकडे पाहून षटक संपवू लागले. खेळाडूंपैकी कोणालाही ते कळले नाही. उपाहारानंतर त्यांनी स्वतःच काउंटर उचलला आणि मला डोळ्यांनीच "आता राहू दे" असे सांगितले. माझे म्हणणे असे की, सामना कमी महत्त्वाचा द्या, जोडीदार मात्र त्यांनाच निवडू द्या.

पाकिस्तानचे पंच अलीम दार २००३ च्या विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांच्या सात महिन्यांच्या मुलीचे निधन झाले आणि कामात व्यत्यय येऊ नये म्हणून घरच्यांनी ती बातमी त्यांच्यापासून दडवून ठेवली. तो त्या कुटुंबाचा निर्णय होता आणि त्यावर मत देण्याचा अधिकार मला नाही. मंडळाने मात्र असा निर्णय कधीही आपल्याकडे घेऊ नये. सामना सुरू असताना निरोप आला तर तो पोहोचवायचा आणि बदली पंच उभा करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

रेषेवरून

मी बॅडमिंटनची रेषापंच आहे. वरच्या उत्तरांतील भावना मला पटते, पण एक गोष्ट सुटते आहे. सहकाऱ्याला बरे वाटावे म्हणून सामना द्यायचा, हे समोर खेळणाऱ्यांवर अन्यायकारक ठरू शकते आणि दयेने मिळालेली नेमणूक त्या व्यक्तीलाही ओळखू येते. मला आली होती; मी ती परत केली.

केमोथेरपीच्या काही औषधांनी, विशेषतः सिस्प्लॅटिनने, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि ते नुकसान बहुधा भरून निघत नाही. काही औषधांनी बोटे बधिर होतात. चेंडूला लागलेली बॅटची पुसटशी कड ऐकण्यावर ज्यांचे काम चालते, त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब नाही. म्हणून "उभे राहता का?" या प्रश्नाऐवजी "सध्या कोणते काम जमेल?" असे विचारावे. एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगचे रेफरी टोनी ब्राउन यांना २०२१ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. पुढच्या वर्षी ते रिप्ले केंद्रात, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासतात तेथे, बसून काम करू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्या हंगामात सहकाऱ्यांनी त्यांचा ६ हा क्रमांक आपल्या गणवेशावर मिरवला. मला त्या क्रमांकापेक्षा रिप्ले केंद्रातील ती खुर्ची अधिक मोलाची वाटते, कारण ती ते असताना दिली गेली.

(थोडे विषयांतर: न्यूझीलंडचे क्रिकेट पंच बिली बाउडेन यांच्या वाकड्या बोटाने बाद देण्याच्या ज्या खुणेवर सारे हसत असत, ती संधिवातामुळे आली होती. बोट ताठ धरणे त्यांना वेदनादायक होते.)

जमाखर्च

पैशांविषयी थोडक्यात. वर्गणी काढणार असाल तर कोणी किती दिले याची यादी गटावर फिरवू नका. त्याहून बरे म्हणजे मानधन असलेले बसून करायचे काम द्या: गुणलेखन, नव्या पंचांचे मूल्यमापन, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. काम करून घेतलेले पैसे घेताना कोणाची मान खाली जात नाही.

नेमणुका_पाहणारा

सर्वांचे आभार. काल फोन केला आणि आधी यादीबद्दल क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, "ठीक आहे" असे काही म्हणाले नाहीत. मग मी "कोणते काम जमेल?" असे विचारले. उजव्या हाताची दोन बोटे बधिर आहेत, पण पेन धरता येते, असे ते म्हणाले. काउंटरचे मात्र काही सांगता येत नाही. पत्नी गमावलेल्या सहकाऱ्याला जोडीदार निवडण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी या आजारी सहकाऱ्याचेच नाव घेतले. ते शक्य नाही हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्या सामन्याला ते उभे राहतील माझ्यासोबत आणि गुणलेखकाच्या रकान्यात ज्येष्ठ सहकाऱ्याचे नाव लिहिले आहे. त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आहे, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. आदल्या दिवशी रक्ततपासणीचा अहवाल आला की ते स्वतः फोन करून ते प्रश्नचिन्ह खोडायला सांगणार आहेत.