घरखर्चासाठी रोख की यूपीआय? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे दूध, भाजी, इस्त्री यांची रोख रक्कम महिन्याच्या सुरुवातीला वेगवेगळ्या पाकिटांत काढून ठेवत असू, आणि भाजीचे पाकीट पातळ झाले की हात आपोआप आखडता घेतला जाई. आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही क्यूआर कोड स्कॅन करून दिले जातात. पासबुकात दहा-वीस रुपयांच्या नोंदींची रांग लागते आणि त्यांतून भाजी किती, किरकोळ किती, हे उलगडत नाही. यूपीआय लाइटमध्ये (छोट्या खर्चांसाठी अ‍ॅपमध्ये वेगळी काढून ठेवलेली शिल्लक) ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येत असल्याने तेच पाकीट मानावे, असा विचार आहे. मात्र त्यातील खर्चाचा तपशील पासबुकात येत नाही. सासूबाई (सुटे पैसे त्यांना हाताशी लागतातच) रोखीनेच व्यवहार करतात. अशा दुहेरी खर्चाचा एकत्र हिशेब आपण कसा ठेवता, हे कृपया सांगावे.