ओनिगावारा: साच्यातून काढलेला राक्षस चालेल का?

कौलारू: जपानी छपराच्या आढ्याच्या टोकाला राक्षसमुखी कौल बसवतात, ते ओनिगावारा. हल्ली यातली बरीच साच्यातून निघतात. माझा विरोध आहे. ओनिशी, म्हणजे ही कौलं घडवणारे कारागीर, हेरा नावाच्या चपट्या हत्याराने भुवया खोल कोरतात. त्या खोलीमुळेच सावली पडते आणि खालून चेहरा रागीट दिसतो. साच्यातला चेहरा लांबून नुसता गोळा वाटतो.

मृण्मय: मग नारा काळाचं काय करायचं? आठव्या शतकातल्या हेइजो राजवाड्याची ओनिगावारा लाकडी साच्यात दाबूनच काढायचे. शिंगं असलेला, पुढे झेपावणारा राक्षस पुष्कळ नंतरचा, मुरोमाची काळातला (चौदावं ते सोळावं शतक). साचा म्हणजे बाटलेली परंपरा, हे काही पटत नाही.

कौलारू: ते साचे उथळ उठावाचे होते हो. आत वळलेला भाग साच्यातून सुटत नाही. म्हणून शिंगं आणि सुळे वेगळे करून चिकटवावे लागतात, आणि तडा नेमका तिथेच जातो.

भट्टीवाला: हाताने घडवलं तरी शिंगं जोडावीच लागतात! दोन्ही पृष्ठभाग खरवडायचे, पातळ चिखल लावायचा, दाबून आतली हवा काढायची. तडा जातो तो जाडी असमान राहिल्याने. शिंगाचं बूड जाड आणि गाल पातळ असला की दोन्ही सारखे आटत नाहीत. म्हणून पाठ पोकळ ठेवतात, आतून आडव्या भिंतींचा आधार देतात आणि सावलीत सावकाश वाळवतात. पुढे भट्टी साधारण 1100 अंशांपर्यंत नेऊन बंद करतात आणि धुरावर ठेवतात. कार्बनचा थर बसतो, तोच तो चंदेरी राखाडी रंग. फटीतून हवा शिरली की डाग पडलेच.

आढेकर: तोंडावरून भांडताय, पाठीकडे कोण बघणार? जुनी लोखंडी तार गंजते आणि भूकंपात अख्खं मुख खाली येतं. तांब्याची नाहीतर स्टेनलेसची तार वापरा. जपानमध्ये 1 जानेवारी 2022 पासून नव्या इमारतींची कौलं पक्की बांधणं सक्तीचं आहे. मुख शेजाऱ्याच्या दारावर रोखलेलं नाही ना, तेही पाहा. राक्षसमुखाने परतवलेलं अरिष्ट समोरच्या घरात शिरतं अशी समजूत आहे; क्योतोत त्यावर उतारा म्हणून त्या घरावर शोकी या राक्षस पळवणाऱ्या देवाची मूर्ती बसवतात.

कौलारू: तारेबद्दल वादच नाही. पण जोडीतलं एक मुख फुटलं म्हणून उरलेल्यावरून थेट साचा काढू नका. माती दहा-बारा टक्के आटते, नवं मुख तेवढं लहान निघेल.

मृण्मय: थेट कोण काढतंय? 12 टक्के आटणारी माती असेल तर 30 सेंटिमीटरच्या मुखासाठी आधी 34 चा नमुना घडवायचा आणि त्यावरून साचा काढायचा.

कौलारू: आणि तो नमुना घडवणार कोण? ओनिशीच ना?