शब्दचर्चा: ‘निर्जीव’ आणि ‘अजैविक’ एकच का?

प्रश्न (आचरा): मुलीच्या पुस्तकात परिसंस्थेचे ‘जैविक’ आणि ‘अजैविक’ घटक दिलेत. मी तिला ‘सजीव’ आणि ‘निर्जीव’ असं समजावलं. अर्थ तोच ना?

उत्तर: ताई, बोलण्यात चालून जातं, पण खाडीवर गेलात की अडतं. तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या एका झाडाचं, पिकून चिखलात पडलेलं पान घ्या. जीव गेला, म्हणून ते निर्जीव. अजैविक मात्र नाही. त्यावर बुरशी आणि जिवाणू बसतात, खेकडे ते कुरतडतात, बिळात ओढून नेतात, आणि त्या कुजक्यावर कोळंबीची पिल्लं पोसतात. अजैविक म्हणजे जे मुळात जिवापासून आलेलंच नाही: ऊन, वारा, पाण्याचा खारेपणा, भरती-ओहोटी. काही पुस्तकं कुजलेल्या पालापाचोळ्यालाही अजैविकांच्या यादीत बसवतात. मला ते पटत नाही, कारण मग खाडीतलं निम्मं अन्न कुठून आलं तेच मुलांना कळत नाही.

प्रतिसाद (देवगड): मग ‘सडा’, म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार, कशात धरायचा? आमच्या सातबाऱ्यावर तर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, आहे.

उत्तर: दादा, सडा हा घटक नव्हे, ती अख्खी परिसंस्था. घटक म्हणायचा तर जांभा, म्हणजे तिथला तांबडा दगड. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, नत्र अगदी नाममात्र, वर मातीचा जेमतेम थर. पावसात खळग्यांतून पाणी तुंबतं आणि दिवाळीनंतर सगळं कोरडं ठणठणीत. या अटींवर कोण जगणार ते कातळच ठरवतो. सीतेची आसवं ही इवलीशी वनस्पती बघा. तिला खरी मुळं नाहीत. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव पकडते आणि मातीत न मिळालेलं नत्र त्यांच्यातून घेते. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा तिच्या फुलांनी निळा-जांभळा झालेला ज्यानं पाहिलाय, तो त्याला ‘पडीक’ म्हणणार नाही. हा शब्द आपण वापरणं सोडावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद (आचरा): म्हणजे अजैविक घटक ठरवतात आणि जैविक निमूट ऐकतात?

उत्तर: नाही, उलटही होतं. कांदळाच्या, म्हणजे खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाच्या, मुळांच्या जाळ्यात पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, काठ वर येतो. खेकड्यांच्या बिळांतून कोंदलेल्या चिखलात हवा शिरते. म्हणून ‘अजैविक घटकांचा परिणाम’ एवढंच लिहू नये, ‘परस्परक्रिया’ लिहावं.

मुलीला ओहोटीच्या वेळी तिवराचं पान दाखवा. उन्हात त्यावर मिठाचे कण चमकतात. मीठ अजैविक, पण ते बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी पानाच्या स्वतःच्या. खाजण म्हणजे खाडीकाठची खारी दलदल. वाक्यात वापरायचं तर असं: ‘खाजणातला खारेपणा हा अजैविक घटक, तिवर हा जैविक घटक आणि खाजण ही परिसंस्था.’