किनाऱ्यावरून लांब फेक: पैसे रॉडवर घालावेत की रील आणि दोरीवर?

कातळावरचा (धागाकर्ता)

गेले चार हंगाम मी रत्नागिरी आणि गुहागर तालुक्यांतल्या खडपांवरून ल्युअरने, म्हणजे नकली आमिषाने, मासे गरवतो. दर पावसाळा सरला की ओळखीतले दोन-तीन जण एकच प्रश्न घेऊन येतात: हाताशी वीस हजार रुपये आहेत आणि लांब फेकायचे आहे, तर पैसे रॉडवर घालावेत की रीलवर? यावर माझे मत ठाम आहे आणि ते कोणीतरी खोडून दाखवावे, म्हणूनच इथे मांडतो. बारा-तेरा हजार रॉडवर घालावेत, तो दहा ते साडेदहा फुटी असावा, पंधरा ते पन्नास ग्रॅमचे वजन पेलणारा असावा, आणि उरलेल्या पैशांत मिळेल ते बऱ्यापैकी ४००० आकाराचे (ही किंमत नव्हे) रील घ्यावे.

ल्युअर सुटताना त्याला जो वेग मिळतो तो रॉडच्या टोकाचा वेग असतो. लांब रॉडचे टोक तेवढ्याच वेळात मोठा वर्तुळखंड कापते. शिवाय त्याची मूठही लांब असते, त्यामुळे खालचा हात ओढून आणि वरचा हात ढकलून अंगाचे पूर्ण बळ लावता येते. स्वस्त रॉडची खोड अशी, की ल्युअर सुटल्यावरही त्याचे टोक थरथरत राहते आणि बाहेर धावणारी दोरी रॉडवरच्या प्रत्येक कडीवर आपटत जाते. चांगल्या कार्बनचा रॉड तत्क्षणी सरळ होतो.

मागच्या डिसेंबरात आरे-वारेच्या वाळूवर, वारा पडलेला असताना, मी हे मोजूनही पाहिले. दर दहा मीटरला रंग बदलणारी पीई २ क्रमांकाची ब्रेड (विणलेली दोरी), तेच रील आणि तोच २८ ग्रॅमचा मिनो (छोट्या माशासारखा ल्युअर) होता. नऊ फुटी रॉडने पाच रंग आणि वर थोडी दोरी गेली, तर साडेदहा फुटीने सहा रंग पूर्ण गेले. खडपावर याचा आणखी एक फायदा होतो. मासा पायथ्याशी आला की लांब रॉड दोरीला कालवांच्या धारेपासून वर उचलून धरतो.

खाडीकाठ

आपली मोजणी प्रामाणिक आहे, परंतु दोरी आणि रील तेच ठेवल्यावर फरक फक्त रॉडचाच दिसणार. मी कोर्लईच्या बाजूला, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी, जिताड्यासाठी गरवतो. माझ्याच नऊ फुटी रॉडवर मी फक्त पीई २ काढून पीई १.२ भरली, तेव्हा त्याच मिनोने पाऊण रंग वाढवून दिला. दोन हजारांच्या दोरीने जे साधले त्यासाठी आपण बारा हजारांचा रॉड सुचवत आहात. दोरी निम्म्याने बारीक झाली, तर हवेतली ओढही त्याच प्रमाणात घटणारच.

रीलकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला तर मला सरळ चुकीचा वाटतो. फेक कुठे मरते हे पाहायचे असेल तर स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीच्या, ओठाकडे पाहावे. दोरी ओठापासून दीड-दोन मिलिमीटरच खाली असेल, तर वेटोळी अलगद निसटतात. खडपात चार-पाच ल्युअर अडकून तुटले आणि दोरी ओठाखाली बोटभर उतरली, की प्रत्येक वेटोळे कडेला घासत बाहेर पडते. ते कानालाही कळते, कारण एरवीच्या सळसळीऐवजी खरखर ऐकू येते. आपण रॉडला दोष देत बसतो आणि दोष असतो पन्नास मीटर दोरी कमी असण्याचा.

स्वस्त रीलचे मरणही ठरलेले आहे. खाऱ्या पाण्याने सर्वांत आधी त्याच्या बेलवरचा (दोरी धरणाऱ्या तारेच्या कमानीवरचा) तो छोटा रोलर जाम होतो. तो फिरेनासा झाला की दोरी त्याच्यावरून घासत येते, तिला पीळ पडतो, ती स्पूलवर सैल बसते, आणि पुढच्या जोरदार फेकीत एकदम पाच-सहा वेटोळी उठून पहिल्या कडीत गाठ बसते. गेल्या वर्षी माझा नवा कोरा ल्युअर असाच कुठलीही दोरी न बाळगता एकटा आफ्रिकेच्या दिशेने रवाना झाला. रॉड त्या वेळी उत्तमच होता.

राहता राहिला साडेदहा फुटांचा प्रश्न. असा रॉड मीही घेतला होता. पहिला तास मजेत गेला, दुसऱ्या तासात खांदा बोलू लागला, आणि ओहोटी संपता संपता, म्हणजे जिताडा तोंड लावण्याच्या नेमक्या वेळी, माझ्या फेकी नऊ फुटीपेक्षाही आखूड पडत होत्या.

फूटपट्टी

एक दुरुस्ती. पीई क्रमांक हा जाडीचा नव्हे, तर धाग्याच्या वजनाचा आहे, त्यामुळे जाडी त्याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. पीई १ साधारण ०.१६५ मिलिमीटर, १.५ साधारण ०.२०५ आणि २ साधारण ०.२३५ असते. पीई २ वरून १.२ वर आल्यास दोरी निम्म्याने बारीक होत नाही, सुमारे बावीस-तेवीस टक्क्यांनीच होते. तिची ताकद मात्र क्रमांकाच्या प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्क्यांनी घटते. हा सौदा करताना दोन्ही आकडे समोर असावेत. आणि मोजणीत आठ पदरी ब्रेड होती की चार पदरी, हे कोणीच सांगितलेले नाही. आठ पदरी गुळगुळीत असते आणि कडीतून सहज जाते, तर चार पदरीचे धागे जाड असल्याने ती घर्षणाला जास्त टिकते.

कातळावरचा

माझी चार पदरी होती, आणि ती मुद्दाम घेतलेली होती. खाडीकाठ यांची जागा वाळू-चिखलाची आहे, तिथे पीई १.२ शोभते. हेदवीच्या काळ्या कातळावर मी ती एक हंगाम वापरली आहे. चांगल्या अंगाची तांबोशी लागली, ती वर न येता सरळ दगडाखाली घुसली, आणि हाताला फक्त एक हलका झटका बसला. दोरी वर आली तेव्हा तिचे टोक रेशमाच्या गोंड्यासारखे पिंजलेले होते. लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडलेली जाड दोरी) दीड मीटर होता, तोही पुरला नाही. लीडर आणखी लांब करावा तर त्याची गाठ कड्यांच्या आत येते आणि प्रत्येक फेकीत टकटक वाजते. एफजी गाठ (ब्रेड आणि लीडर जोडणारी बारीक गाठ) चापून बांधली तर हे निभते हे मान्य, पण पहाटे अंधारात लाटेच्या तुषारात ती दुसऱ्यांदा बांधण्याचा धीर किती जणांना असतो?

स्पूलच्या ओठाचा आणि रोलरचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. माझे रील मी गोड्या पाण्याने धुतो, पण नळाच्या धारेखाली धरत नाही. ड्रॅग (स्पूलचा ब्रेक) घट्ट करून फक्त शिंपडतो, आणि रोलरवर तेलाचा थेंब सोडतो.

डावखुरा

आपण सगळेच स्पिनिंग रील गृहीत धरून चालला आहात. लो-प्रोफाइल रीलवर फेकताना स्पूलच फिरते, त्यामुळे दोरी सरळ उलगडते, पीळ पडत नाही, आणि त्याच ताकदीचे रील वजनाला हलके मिळते. चाळीस ग्रॅमच्या जिगला (धातूच्या ल्युअरला) मला तरी त्याहून लांब फेक मिळालेली नाही.

फूटपट्टी

वाऱ्याकडे पाठ असेल तर मिळेल. समोरच्या वाऱ्यात ल्युअर मध्येच मंदावतो, स्पूल मात्र त्याच वेगाने फिरत राहते, आणि मग गुंता सोडवण्यात उरलेली भरती जाते. नवख्याला वीस हजारांत हे सुचवू नये.

भांगवाला

वाऱ्याचा विषय निघाला हे बरे झाले, कारण रॉड आणि दोरी यांच्या भांडणात तोच विसरला गेला होता. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून वाहतो, आणि दुपारनंतर खारा वारा समोरून येतो. मार्च-एप्रिलात तो असा काही उठतो की २८ ग्रॅमचा मिनो हवेत गिरक्या घेत परत अंगावर येतो की काय असे वाटते. जो फरक आपण साडेदहा फुटांतून किंवा पीई १.२ मधून मिळवता, तो मला गजर दोन तास आधी लावून फुकट मिळतो.

दुसरे म्हणजे ल्युअर. मिनो काढून चाळीस ग्रॅमचा मेटल जिग लावा. तो आकाराने लहान आणि वजनाने जड असल्यामुळे त्याच रॉडने, त्याच दोरीने दोन रंग जास्त जातो. मिनोच हवा असेल तर पोटात सरकती गोळी असलेला घ्यावा. फेकताना ती गोळी शेपटीकडे जाते आणि ल्युअर हवेत बाणासारखा सरळ राहतो.

आणि मुळात इतके लांब कशासाठी? मी माझ्या वहीत प्रत्येक तोंडाची जागा लिहितो. जिताडा आणि तांबोशी मला बहुतेक वेळा शेवटच्या वीस मीटरांत, पांढऱ्या फेसाच्या कडेला लागले आहेत. टोळ आणि सुरमई मात्र खरोखर लांब असतात. पाण्यावर पक्षी तुटून पडलेले दिसतात आणि ल्युअर दहा मीटर अलीकडे पडतो, तेव्हाचे दुःख मलाही ठाऊक आहे. म्हणून माझी निवड नऊ फूट सहा इंच. ल्युअरचे वजन वीस ते चाळीस ग्रॅम, रील अडीचशे ग्रॅमच्या आतले, आणि दोरी पीई १.५.

खाडीकाठ

नऊ फूट सहा इंच मला चालेल. परंतु वीस हजारांतले निदान दहा रीलवर, हा माझा हट्ट कायम आहे. आणि एक राहून गेले. बारीक ब्रेडने जिग जोरात फेकताना तर्जनीचे पेर कापते. बोटाला चामड्याची टोपी घालावी. ती दोनशे रुपयांत मिळते आणि मी ती टाके पडल्यावर घेतली.

कातळावरचा

दोनशे रुपयांचा खर्च मी बिनविरोध मंजूर करतो. रीलवर दहा हजार मात्र अजून पटत नाहीत. येत्या भांगाच्या दिवसांत, पाणी फार ओढत नसताना, मी पहाटे भाट्याच्या वाळूवर जातो. रॉड दोन्ही, दोरी पीई १.५, एकदा चार पदरी आणि एकदा आठ पदरी, स्पूल ओठापर्यंत भरलेले. प्रत्येक जोडीने दहा-दहा फेकी करीन आणि पहिल्या तासाचे व तिसऱ्या तासाचे रंग वेगळे लिहीन, म्हणजे खाडीकाठ यांचा खांदाही मोजणीत येईल.