मदत हवी आहे: लाकडी जमिनीसाठी न्यूमॅटिक नेलर कोणता घ्यावा? 16 गेज, 18 गेज की स्टेपल?

नमस्कार मंडळी,

घरातल्या दोन खोल्यांत लाकडी जमीन स्वतः बसवायची आहे. लाकूड येऊन पडलंय, पण नेलरवर (हवेच्या दाबाने खिळे ठोकणारं यंत्र) गाडी अडली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पहिल्या खोलीत व्हाइट ओकच्या भरीव पट्ट्या आहेत, 19 मिमी जाड आणि 83 मिमी रुंद. खाली वाशांवर ठोकलेला 18 मिमी प्लाय आहे. दुसऱ्या खोलीत स्ट्रँड-वोव्हन बांबू (तंतू दाबून चिकटवलेला), 14 मिमी जाड. तिथे वासे नाहीत, काँक्रीटच्या स्लॅबवर 18 मिमी प्लाय पक्का केलेला आहे. दोन्हीकडे पट्ट्यांच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला तिला बसणारी खाच आहे.

साधी नेल गन इथे चालत नाही हे समजलं. खिळा जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून साधारण 45 अंशांत तिरका जायला हवा, म्हणून जमिनीसाठीचा वेगळा नेलरच लागतो. पण त्यातही इतके प्रकार आहेत की डोकं चालेनासं झालं. बोस्टिचचा एक नेलर फक्त 16 गेजच्या क्लीट (जमिनीसाठीचे खिळे; गेजचा आकडा मोठा तितका खिळा बारीक) घेतो, दुसरा फक्त 15.5 गेजच्या स्टेपल. फ्रीमनचा थ्री-इन-वन एल आणि टी आकाराच्या डोक्याच्या दोन्ही क्लीट घेतो, शिवाय स्टेपलही. पॉवरनेलचा 18 गेजचा नेलर आणखी निराळा. कुणी म्हणतं स्टेपलला दोन पाय असतात म्हणून पकड जास्त, कुणी म्हणतं स्टेपलने जीभ फुटते. सगळं घेणारं एकच मशीन घ्यावं असा मोह होतोय. त्याने दोन्ही खोल्या निभावतील का? शिवाय हातोड्याने ठोकायचा नेलर बरा की नुसता ट्रिगर दाबायचा? कंप्रेसर 6 गॅलनचा, म्हणजे सुमारे 23 लिटरचा आहे. तेवढा पुरेल का?

एवढं खोलात विचारतोय, कारण एकदा ठोकलेला खिळा पुढच्या पट्टीखाली कायमचा झाकला जातो. चूक झालीच तर ती कळते ऋतू बदलल्यावर, पाय पडला की जमीन करकरू लागल्यावर. तेव्हा पट्ट्या उचकटण्याशिवाय इलाज नसतो.

प्रतिसाद 1

मशीन नंतर ठरवा, आधी खिळा ठरवा. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात.

19 मिमी ओकसाठी माझं मत 16 गेज, 2 इंची (50 मिमी) क्लीट. क्लीटच्या कडेला दाते असतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. क्लीट त्या हालचालीला थोडी वाट देते आणि तरी सुटत नाही. स्टेपलची पकड सुरुवातीला घट्ट असते हे खरं, पण तिचे दोन पाय जिभेत दोन ठिकाणी शिरतात आणि कडक लाकडात तिथूनच चीर सुरू होते. स्टेपल वाईट असं मी म्हणणार नाही. ओकमध्ये दाब नीट लावला तर त्या चालतात आणि स्वस्तही पडतात. माझ्या घरी मात्र मी क्लीटच वापरेन.

बांबूचं प्रकरण पूर्ण वेगळं. स्ट्रँड-वोव्हन बांबू ओकच्या दुपटीहून कठीण असतो, आणि 14 मिमी पट्टीची जीभही बारीक. तिथे 16 गेज क्लीट म्हणजे पाचर ठोकल्यासारखं होतं. जीभ फुटते, नाहीतर पट्टीच्या कडेला वरून बारीक फुगवटे येतात. 18 गेजच्या क्लीट हव्यात. बांबूच्या खोक्यावर उत्पादकाच्या सूचना असतील, त्या वाचा. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की थ्री-इन-वन दोन्ही खोल्या निभावणार नाही, कारण तो 18 गेज घेतच नाही. एक नेलर विकत घ्या, दुसरा भाड्याने आणा.

आणि नेलरचा तळवा (पट्टीवर टेकणारा खालचा भाग) 14 मिमीला जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. जाडीनुसार बदलायचे तळवे बऱ्याच नेलरसोबत येतात. तळवा चुकला की खिळा जिभेच्या कोपऱ्याऐवजी खाली जिभेत किंवा वर कडेत शिरतो. मग गेज कितीही बरोबर असून उपयोग नाही.

प्रतिसाद 2

वरच्या प्रतिसादाला +1.

हातोड्याचाच घ्या. हवेवर चालणाऱ्या नेलरमध्ये खिळा हवाच ठोकते, हातोडा फक्त झडप उघडतो. पण त्याच फटक्याने पट्टी आधीच्या पट्टीवर घट्ट बसते, आणि हा फायदा मोठा आहे. ट्रिगरवाल्यात पट्टी आधी वेगळी ठोकून बसवावी लागते, नाहीतर फटी राहतात. किंचित वाकड्या पट्ट्या प्रत्येक गठ्ठ्यात निघतातच, तिथे तर हातोड्याला पर्याय नाही.

कंप्रेसर पुरेल. एका फटक्याला एकच खिळा जातो, मध्ये पट्टी उचलून लावायला वेळ जातो, तेवढ्यात टाकी भरते. दाब 70 पीएसआयपासून सुरू करून हळूहळू वाढवा. टाकाऊ तुकड्यांवर आधी चाचणी घ्या आणि ते तुकडे त्याच प्लायवर ठोका. रोज काम सुरू करताना हवेच्या तोंडाशी न्यूमॅटिक तेलाचे दोन-चार थेंब टाका. खिळा अडकला तर आधी नळी काढा, मगच मशीन उघडा. डोळ्यांना चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच.

प्रतिसाद 3

अतिशय उपयुक्त धागा. वाखू साठवत आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही नेलर आधी भाड्याने आणून तुकड्यांवर चाचणी घेतली.

ओकवर 16 गेज. 90 पीएसआयला क्लीटचं डोकं जिभेत रुतलं आणि शेजारून केसाएवढी चीर गेली. 60 ला डोकं वर राहिलं, पुढची पट्टी पूर्ण बसेना. 75 ला डोकं कोपऱ्यात बरोबर बसलं. बोट फिरवलं तर काही लागत नाही आणि जीभही शाबूत. बांबूवर मुद्दाम 16 गेज मारून पाहिली तर जिभेचा तुकडाच उडाला. 18 गेज स्वच्छ गेली. टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पृष्ठभाग पाहिला, फुगवटे नाहीत.

म्हणून ओकसाठी 16 गेजचा नेलर विकत घेतोय, बांबूसाठी 18 गेज भाड्याने. दोन शंका उरल्या. स्लॅबवरच्या खोलीत क्लीट किती लांब घ्यावी? आणि भिंतीलगत हातोडा फिरवायला जागाच नाही, तिथे काय करावं?

प्रतिसाद 1

चाचणी उत्तम घेतलीत.

लांबीचा हिशोब असा करा. 2 इंची क्लीट 45 अंशांत गेली तर सरळ खोली मिळते सुमारे 35 मिमी. 14 मिमी पट्टीत जिभेचा कोपरा प्लायपासून 8-9 मिमी वर असतो असं धरा. उरलेले 26 मिमी प्लायमध्ये, आणि प्लाय आहे 18. म्हणजे टोक काँक्रीटवर आपटणार. मग क्लीट वाकते, नाहीतर डोकं वर राहतं. दीड इंची (38 मिमी) घेतलीत तर खोली 27 मिमी, प्लायमध्ये जेमतेम 18. ही काठावरची गोष्ट आहे, म्हणून तुमच्या पट्टीचा कोपरा प्रत्यक्ष मोजा आणि प्लायच्या सुट्या तुकड्यावर ठोकून टोक मागून बाहेर येतं का ते बघा. येत असेल तर सव्वा इंची शोधा. वाशांवरच्या खोलीत 2 इंचीच ठेवा, तिथे टोक थोडं बाहेर आलं तरी बिघडत नाही.

अंतर: ओकची पट्टी 3 इंचांपेक्षा रुंद आहे, तेव्हा दर 6 ते 8 इंचांवर एक क्लीट, आणि टोकापासून 1 ते 3 इंच आत. पट्टी कितीही आखूड असली तरी किमान दोन. बांबूसाठी खोक्यावरचं अंतर पाळा.

भिंतीलगतच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळींना 15 किंवा 16 गेजची फिनिश नेल गन वापरा. जिभेपर्यंत तीही पोहोचत नसेल तिथे बारीक भोक पाडून वरून ठोका, पुढे स्कर्टिंगखाली झाकलं जाईल. 18 गेजच्या ब्रॅडवर (साध्या बारीक खिळ्यांवर) मात्र त्या ओळी सोडू नका, त्यांना तेवढी पकड नसते. भिंतीपाशी फुगायला जागा ठेवायला विसरू नका, ओकला 19 मिमी.

आणि ठोकायला सुरुवात करण्याआधी मॉइश्चर मीटर लावा. ओक आणि प्लाय यांच्या ओलाव्यात 2 टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर लाकूड खोलीतच राहू द्या आणि थांबा.